चौदावी ओळ

“चाचणीच्या चाळीस घरांपैकी एकोणचाळीस घरांत काहीही झालं नाही,” आकडेवाली म्हणाली. “एका घरात एक वस्तू नेटवर्कवरून गेली ती परत आली नाही. बस. म्हणजे चौदावी ओळ लपवायला हरकत नाही.” तिला सगळे आकडेवाली म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. पडद्यावर चाळीस चौकोन होते. एक सोडून सगळे हिरवे. तो एक करडा. टेबलाशी तिच्यासमोर बसलेल्या त्याने सवयीने विचारलं, “वस्तू कसली?” तिने खाली सरकवून पाहिलं. “मनगटावरची बेल. म्हातारी माणसं बांधतात ना, पडलं-बिडलं तर दाबायला. जुनं मॉडेल आहे. अपडेट गेलं त्याच रविवारी दुपारी ही गेली. बॅटरी संपली असेल.” साहेब म्हणाले, “चला, पुढे,” आणि सगळे पंधराव्या ओळीवर गेले. तो मात्र पाण्याचा ग्लास उचलून तसाच धरून बसला. पाणी प्यायचं होतं की नुसता ग्लास धरायचा होता, हे त्याला आठवेना. रविवारी दुपारी बेल गेली होती. आई पडली ती त्यानंतरच्या गुरुवारी.

घराच्या कोपऱ्यात लुकलुकत बसलेला जो डबा असतो, ज्याच्याकडे वायफाय बंद पडल्याशिवाय कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या राउटरच्या आत काय काय बदलता येतं याची यादी एकेचाळीस ओळींची होती. त्यातलं सामान्य माणसाला काय दाखवायचं, काय ‘अधिक’ असं लिहिलेल्या दारामागे ठेवायचं आणि काय मुळीच दाखवायचं नाही, हे ठरवणं त्याचं काम. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. पहिल्या वर्षी पडदा उघडला की आकड्यांचं रान दिसायचं. माणूस बिचारा नेटवर्कचं नाव बदलायला जायचा आणि घरभर अंधार करून बाहेर यायचा. ते रान त्याने एकेक करून साफ केलं होतं. आता पडदा उघडला की एक मोठी हिरवी खूण दिसे आणि तिच्याखाली तीन शब्द: ‘सगळं ठीक आहे’. ते तीन शब्द त्याचे होते. ते सुचले त्या दिवशी तो घरी जाताना रस्त्यात एकटाच हसला होता. सामान्य माणूस हा शब्द त्यांच्या खोलीत दिवसातून पन्नासदा उच्चारला जाई. सामान्य माणसाला हे झेपणार नाही, सामान्य माणूस घाबरेल, सामान्य माणूस हे वाचणारच नाही. दूरच्या गावी राहणाऱ्या, थोड्या भोळ्या मामाबद्दल बोलावं तसं ते बोलत. त्याचा त्या मामावर खरोखर जीव होता. त्याला त्रास होऊ नये म्हणूनच तर सगळं चाललं होतं. आणि चाचणीसाठी खरीखुरी सामान्य माणसं हवीत म्हणून ऑफिसातल्या लोकांनी आपापल्या नातेवाइकांची घरं दिली, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने अर्ज भरला होता. वय अठ्ठ्याहत्तर, एकटी राहते, सामान्य वापर. यादीत नावं जात नव्हती, फक्त घर क्रमांक. करड्या चौकोनात कोण राहतं हे त्या खोलीत एकट्या त्याला माहीत होतं.

आई स्वयंपाकघरात पडली होती. सकाळी साडेदहाचा सुमार, नळ सुरू, हातात धुतलेलं पातेलं, आणि पाय कशावरून सरकला ते तिलाही सांगता आलं नाही. डावा हात अंगाखाली आला आणि मनगट मोडलं. त्याच मनगटावर बेल होती. तिने उजव्या अंगठ्याने ती दाबली. दाबली की बेल दोनदा गुरगुरते, म्हणजे निरोप गेला, आणि त्याचा फोन वाजतो. ती गुरगुरली नाही. आईने परत दाबली. मग परत. साडेतीन वाजता समोरच्या काकूंच्या दाराखालून पाणी आत यायला लागलं आणि त्या ओरडत बाहेर आल्या. पाच तास आई त्या पाण्यात होती. त्या पाच तासांत त्याने दोन मीटिंगा केल्या होत्या, एकदा जेवला होता आणि फोन टेबलावर पालथा घालून ठेवला होता, वाजला तर ऐकू येईल अशा बेताने. दवाखान्यात ताई धावत आली, दोनशे मैलांवरून, तशीच घरातल्या चपलांवर. घाबरलेलं माणूस रागावतं तशी ती आईवर रागावली. “अगं नीट दाबलीच नसशील तू! किती वेळा सांगितलं, जोर लावून दाबायची!” आई पडल्या-पडल्या म्हणाली, “हो गं. जोरच राहिला नाही बोटांत.” तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने चादरीचं टोक नीट केलं. राउटर, बेल, वायफाय यात ज्याने उभा जन्म घालवला त्या माणसाने त्या वेळी एकदाही म्हटलं नाही की बेल कुठे आहे, बघू जरा. दवाखान्यात पट्टा कापून ती एका पिशवीत घातली होती, ती पिशवी त्यानेच आईच्या घरी आणून कपाटाच्या खणात टाकली. हाताला प्लास्टर आहे तोवर काय करायची, असं तो मनाशी म्हणाला होता. आता वाटत होतं की मनात कुठेतरी तेव्हाच माहीत होतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं म्हणून खण बंद केला.

चौदावी ओळ म्हणजे काय हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक संथ, पण भिंती ओलांडून लांब जाणारी. दुसरी जलद, पण भिंतीपाशी दमणारी. पूर्वी दोघींना वेगवेगळी नावं देता येत. आता दोघी एकाच नावाखाली नांदतात आणि कुठल्या वस्तूने कुठली धरायची ते राउटर ठरवतो. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव घरांना यातलं काही कळायची गरज पडत नाही. उरलेल्या दोन घरांत एखादी जुनाट वस्तू असते, जिला फक्त संथ लहर समजते आणि एकत्र नाव दिलं की जिचा गोंधळ उडतो. आईची बेल तसली होती. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी त्याने स्वतः आईच्या घरी बसून दोन नावं केली होती. एकाचं नाव ‘घर’, दुसऱ्याचं ‘बेल’. आईने विचारलं होतं, “हे दुसरं कशाला?” तो म्हणाला होता, “तुझ्या बेलसाठी वेगळा रस्ता केलाय.” “माझ्या एकटीसाठी?” “तुझ्या एकटीसाठी.” तिला त्याचं फार कौतुक वाटलं होतं, काकूंना बोलावून तिने दाखवलं होतं. आणि मग तो विसरला. विसरला यात तसं काही विशेष नव्हतं. विशेष होता तो त्याचा नियम. जे दिसत नाही ते बदललेलं असू नये. ओळ लपवली की तिच्यात माणसाने जे काही केलं असेल ते पुसून तिला मूळ जागी न्यायचं, नाहीतर उद्या बिघाड झाला तर तो शोधायचा कुठे, दारच नाही तर आत शिरणार कसं. नियम बिनतोड होता. नव्या लोकांना पहिल्या आठवड्यात तो शिकवला जाई आणि त्या नियमाला याचंच नाव लावलं जाई. त्या रविवारी दुपारी, आई बहुधा खिडकीत पेपर वाचत बसली असताना, अपडेट आलं, चौदावी ओळ लपली आणि नियमाप्रमाणे ‘बेल’ हे नाव पुसलं गेलं. मनगटावरची बेल तिला माहीत असलेलं एकच नाव शोधत राहिली. पडद्यावर हिरवी खूण होती.

मीटिंग संपल्यावर साहेब म्हणाले, “उद्या दहाला सही करून टाका, म्हणजे सगळीकडे पाठवता येईल.” तो म्हणाला, “हो.” हा हो अगदी सहज तोंडातून आला आणि त्याचीच त्याला भीती वाटली. ऑफिसच्या पायऱ्या उतरताना तो हिशेब करत होता की कोणाला कळेल. कोणालाच नाही. करडा चौकोन उद्या यादीतून जाईल. तो आज संध्याकाळी आईसाठी नवं मॉडेल आणेल, ते एका नावात नांदतं, आणि जुनी बेल कचऱ्यात जाईल. आई म्हणेल, किती करतोस रे माझ्यासाठी. सगळं ठीक आहे. बसमध्ये त्याला खिडकीपाशी जागा मिळाली. बाहेर एका दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि एक बाई वाकून आत कोणाशी तरी बोलत होती. तिचं बोलणं आत ऐकू जात असेल का, असं त्याच्या मनात आलं. सगळीकडे पाठवायचं म्हणजे किती घरं, हा आकडा त्याला पाठ होता. त्यातली शंभरात दोन. दोन हा आकडा आजवर त्याला किती लहान वाटत होता! आता तो मोजायला गेला तर प्रत्येक वेळी पाण्यात पडलेलं एक पातेलं दिसत होतं. त्याने डोळे मिटले. आपण वाईट माणूस नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्याने काही हलकं वाटलं नाही.

आईच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती खुर्चीत बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर, आणि उजव्या हातात कपडे वाळत घालायचा चिमटा. अंगठ्याने तो दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. ओठ हलत होते. त्याला पाहून तिने मान हलवली, थांब म्हणून, आणि आकडा पुरा केला. “साठ,” ती म्हणाली. “आज साठ झाले. पहिल्या दिवशी बाराला हात भरून आला होता.”

“हे काय चाललंय, आई?”

“बोटांत जोर यायला. पुन्हा तसली वेळ आली तर बेल दाबता यायला नको? ताई म्हणाली ते खरंच आहे. मी मेली नुसती हात लावत बसले असेन.”

तिच्या अंगठ्याच्या टोकाला चिमट्याच्या कडेचा लाल वळ उठला होता. तिने तो लपवला नाही, उलट शाळेतल्या मुलीने वही दाखवावी तसा पुढे केला. “घट्टे पडलेत बघ. बत्तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढली तेव्हा पडले नव्हते ते आता पडतायत.” आणि ती हसली. त्याला तिथेच जमिनीवर बसावंसं वाटलं. तो बसला नाही. “चहा घेतेस?” असं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि जिथे ती पडली होती तिथे उभा राहिला. फरशी कोरडी होती. काकूंनी आता तिथे एक जाड पायपुसणं टाकलं होतं. त्याने पातेल्यात पाणी ठेवलं, नळ नीट बंद झालाय ना ते दोनदा पाहिलं. ती दाबत होती, हाच विचार त्याच्या डोक्यात होता. पाच तास ती दाबत होती. एकदा नाही, दहादा नाही. आणि प्रत्येक वेळी तिने चूक आपली मानली. हेच तर त्याच्या सामान्य माणसाचं वैशिष्ट्य होतं, आणि ते त्याला आजवर कसं दिसलं नव्हतं? वस्तू बिघडली की तो म्हणतो, माझंच काहीतरी चुकलं असेल. तो तक्रार करत नाही. तक्रार नाही म्हणून चौकोन हिरवा राहतो. चौकोन हिरवा म्हणून ओळ लपते. चहाला उकळी आली आणि तो उतू गेला.

बैठकीच्या खोलीत येऊन त्याने आईचा फोन घेतला आणि राउटरचा पडदा उघडला. ऑफिसातून बघतात तसा नाही, ती बघेल तसा. सगळं ठीक आहे. त्याने खाली सरकवलं. नाव, पासवर्ड, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क. ‘अधिक’चं दार उघडलं. तिथे सहा गोष्टी होत्या, त्याने स्वतः निवडलेल्या. दोन नावं करायची जागा कुठेच नव्हती. ती नसणार हे त्याला माहीत होतं, तरी त्याने तीनदा शोधली, वरून खाली, खालून वर, चष्मा काढून आणि लावून. आपल्याच हाताने बांधलेल्या घरात आपल्यालाच दार सापडू नये! आई त्याच्याकडे बघत होती. “काय हरवलं?” तिने विचारलं. आता म्हणावं, काही नाही. हा शब्द त्याच्या जिभेवर तयारच होता, एकोणीस वर्षांच्या सवयीचा. काही नाही, आई, तुला नाही कळायचं ते.

“आई,” तो म्हणाला, “तू बेल दाबली होतीस.”

“दाबली होती रे, पण जोर...”

“नाही. नीट दाबली होतीस. जोराचा संबंधच नव्हता. बेलचा रस्ता बंद झाला होता.”

चिमटा तिच्या मांडीवर पडला. “बंद कसा झाला?”

“तुझ्या बेलसाठी मी वेगळं नाव केलं होतं ना, ते पुसलं गेलं. आमच्याकडून अपडेट आलं रविवारी, त्यात.”

“कोणी पुसलं?”

“आपोआप गेलं.” मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. “मी. नियम माझा आहे. जे लोकांना दाखवायचं नाही ते मूळ जागी न्यायचं. मी ठरवलं होतं की हे लोकांना दाखवायचं नाही.”

“का?”

“लोक गोंधळतात म्हणून.”

“कोण लोक?”

ती वाट बघत राहिली. ऑपरेटर माणसं वाट फार छान बघतात. पलीकडचा बोलेपर्यंत मधे शब्द टाकत नाहीत.

“तुझ्यासारखे,” तो म्हणाला.

रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. राग झेलायची त्याची तयारी होती. पण ती आपल्या अंगठ्याकडे बघत होती. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “म्हणजे मी दाबली होती.”

“हो, आई.”

“बरोबर दाबली होती.”

“पहिल्याच वेळी बरोबर दाबली होतीस.”

“आणि मी पाच तास या अंगठ्याला शिव्या देत होते रे,” ती म्हणाली आणि रडायला लागली. आई रडताना त्याने फार वेळा पाहिली नव्हती. बाबा गेले तेव्हाही ती कामाला लागली होती. त्याने तिचा उजवा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, डोळे पुसले आणि मग स्वतःच परत त्याच्या हातात दिला.

थोड्या वेळाने ती बोलायला लागली, पण बेलबद्दल नाही. टेलिफोन एक्स्चेंजबद्दल. लहानपणी त्याने तिच्या तोंडून बोर्डाच्या गोष्टी शंभरदा ऐकल्या होत्या: दोऱ्या, दिवे, कानावरच्या पट्टीने केसांत पडलेली ती न जाणारी रेघ. त्या सगळ्या गोष्टींत आई हुशार असे आणि शेवटी सगळे हसत. ही गोष्ट त्याने ऐकली नव्हती. “आम्हाला मोठ्या बाईंचा हुकूम होता,” ती म्हणाली, “लाइन मेली असली तरी गिऱ्हाइकाला तसं सांगायचं नाही. लोक उगाच घाबरतात. व्यस्त आहे, थोड्या वेळाने करा, असं सांगायचं. एकदा एका माणसाने एकाच दुपारी अकरा वेळा नंबर मागितला. बहिणीचा. लाइन दोन दिवस मेलेली, माझ्यासमोर चिठ्ठी लावलेली. अकरा वेळा मी त्याला व्यस्त आहे म्हटलं. शेवटच्या वेळी तो हसून म्हणाला, आमची बहीण फार बडबडी आहे, बसली असेल कोणाशी बोलत. मग त्याने परत मागितला नाही.”

“मग काय झालं?”

“मला काय माहीत? मला कधीच कळलं नाही.” तिने चिमटा उचलून खुर्चीच्या हाताला लावला. “हुकूम होता खरा. पण आवाज माझा होता.”

नंतर तिने ताईला फोन लावायला सांगितला. त्याने लावला आणि तिच्या कानाशी धरला. “अगं, ऐक,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम वीस वर्षांनी लहान झाला, “मी दाबली होती! बरोबर दाबली होती! तू उगाच बोललीस मला.” पलीकडून ताई काहीतरी विचारत होती, कसं, कोणी सांगितलं. आईने मान मागे घेतली आणि त्याच्याकडे पाहिलं. “तू सांग तिला,” ती म्हणाली. तिने कानाजवळचा फोन त्याच्याकडे ढकलला. खरं तर हाच भाग त्याला टाळायचा होता. आईला सांगणं एक, आणि ताईला, जिने त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून आपण आईला ओरडलो म्हणून हुंदके दिले होते, तिला सांगणं वेगळं. त्याने सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मग ताई म्हणाली, “तू तिथे उभा होतास ना रे तेव्हा. मी आईला बोलत होते तेव्हा.” तो म्हणाला, “हो.” ती म्हणाली, “मी नंतर बोलते,” आणि फोन ठेवला. ती नंतर बोलेल. केव्हा, ते त्याला माहीत नव्हतं, आणि ते विचारायचा हक्क आपल्याला नाही एवढं त्याला कळत होतं.

खणातली पिशवी काढून त्याने बेल चार्जिंगला लावली. बॅगेतून लॅपटॉप काढला. ऑफिसच्या माणसांसाठी राउटरला एक मागचं दार होतं. तिथून शिरून त्याने चौदावी ओळ उघडली, दोन नावं केली, दुसऱ्या जागी ‘बेल’ लिहिलं. दोन मिनिटांचं काम. आई शेजारी बसून बघत होती. “झालं?” “झालं.” “आणि ज्या बाईचा मुलगा तुमच्या ऑफिसात नाही, तिने काय करायचं?” ती खोचून बोलली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने एकेचाळीस ओळींचा कागद बॅगेतून काढून तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावून सात-आठ ओळी वाचल्या आणि कागद परत केला. “अरे देवा, हे एवढं मला नको. तुझं तू बघ. मला एवढंच कळू दे, की माझ्या घरात कोणी काही बदललं, काही बंद पडलं, तर मला सांगा. ठीक नसताना ठीक आहे म्हणू नका.” मग कापलेल्या पट्ट्याऐवजी एक नाडी बांधून त्याने बेल तिच्या उजव्या हाताच्या आवाक्यात, गळ्यात अडकवली. तिने दाबली. बेल दोनदा गुरगुरली. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याने काढून तो बंद करायला बोट पुढे केलं तेव्हा ती म्हणाली, “वाजू दे जरा.” दोघं ऐकत बसले. मग ती म्हणाली, “आम्ही रोज सकाळी पाळी सुरू झाली की आधी सगळ्या लाइन तपासायचो. एकेक घालून बघायची, पलीकडून वाजल्याचं कळलं की खूण. नुसतं चालू असेल असं धरून चालायचं नाही. आता मी रोज दहाला बेल दाबीन. फोन सलग वाजला तर तू उचलायचा नाहीस, फक्त ऐकायचंस. एकदा वाजून थांबला आणि पुन्हा वाजला तर समज की मी खरोखर पडलेय.”

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना तो खोलीत शिरला. रात्रभर फारशी झोप नव्हती, ताईचा फोन आला नव्हता. साहेबांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. आकडेवालीने पडदा लावला होता. करडा चौकोन तिने काढून टाकला होता, पडदा आता सगळा हिरवा दिसत होता. त्याने सही केली नाही. चौदाव्या ओळीसमोर ‘दाखवायची’ असं लिहिलं. मग कागदाच्या तळाशी, जिथे नियम छापलेला असे, तिथे पेन टेकवलं आणि स्वतःच्या त्या बिनतोड वाक्यावर एक सरळ रेघ मारली. “हे काय?” साहेब म्हणाले. “एका घरासाठी? सगळं थांबवायचं? बॅटरी संपली असेल हो.” त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि दहा वाजले, आणि टेबलावर सुलटा ठेवलेला त्याचा फोन वाजायला लागला. मीटिंगमध्ये फोन वाजत राहणं तिथे कोणाला खपत नसे. आवाज त्या बंद खोलीत फार मोठा वाटत होता. सगळे बघायला लागले. त्याने हात मांडीवरच ठेवला. “उचला ना, सर,” आकडेवाली म्हणाली, “किंवा बंद तरी करा. कोणाचा आहे?”

“उचलायचा नसतो,” तो म्हणाला. “आईचा आहे. तुम्ही काल करडा दाखवलात ना, त्या घरातून.”

फोन पुरता वाजून आपोआप थांबेपर्यंत ते सगळे तसेच बसून ऐकत राहिले.